एका रात्रीचे भाडेकरू

बुटक्या दारातून आत शिरताना आजोबा वाकले आणि मागून येणाऱ्या नातवाचं कपाळ चौकटीवर आपटलं. वाड्यात वाढलेल्या माणसाला चौकटीची उंची डोळ्यांनी मोजावी लागत नाही, ती मानेला पाठ असते. उंबरठा दिसला की पाय उचलला जातो, पाठ आपसूक लवते, हात नकळत कडीकडे जातो. सदाशिव पेठेतला वाडा पडून त्या जागी चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं, त्यालाही आता तीन तपं झाली. पण मान अजून विसरलेली नाही. आजीनं नातवाचं कपाळ चोळलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, याला आधी सांगायचं नाही का?” आजोबा काय सांगणार? वाकायला आपल्याला तरी कुणी कधी शिकवलं होतं?

अशी कुटुंबं शनिवार-रविवारी दिवे घाट चढून जाताना हमखास दिसतात. हडपसर आणि वडकी मागे पडली की घाट सुरू होतो आणि वरून खाली मस्तानी तलाव दिसू लागतो. हाच घाट चढताना आषाढात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. गाडीतल्या मंडळींना मात्र चढ कळतो तो फक्त कानात दडे बसले तर. घाटमाथ्यावर वारा बदलतो, अंजीर-सीताफळाच्या बागा सुरू होतात आणि सासवडच्या वाटेवर जाधवगढ येतो. पिलाजी जाधवरावांनी 1710 च्या सुमारास बांधलेली ही गढी. हॉटेल व्यवसायातल्या विठ्ठल कामत यांनी तिचं हॉटेल केलं. पुणेकराला घरापासून तासाभरात इतिहासात मुक्काम करायचा असेल, तर ही सगळ्यांत जवळची जागा.

हॉटेलची माहितीपत्रकं तिला किल्ला म्हणतात. पुरंदर जो पायी चढलाय तो हसेल. ही गढी आहे. गढी म्हणजे किल्ल्याचा धाकटा भाऊ किंवा वाड्याचा थोरला. उंचवट्याची जागा, दगडी तट, बुरूज, खिळे ठोकलेला दरवाजा आणि आत राहती वस्ती. फौजेशी महिनोन्महिने झुंजायला नव्हे, तर लुटारूंच्या टोळीनं रात्री दार ठोठावलं तर सकाळपर्यंत तग धरायला गढी असते. 1710 साल डोळ्यांपुढे आणलं तर तिचं प्रयोजन कळतं. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येऊन तीनच वर्षं झाली होती. गादीवर हक्क कुणाचा, सातारकरांचा की ताराबाईंचा, यावरून सरदारांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळायलाही अजून तीन वर्षं होती. अशा दिवसांत झोप लागायची ती भिंतीच्या जाडीवर.

पिलाजी हे शाहू महाराजांच्या बाजूचे मातब्बर सरदार. पुढे बाजीराव पेशव्यांच्या मोहिमांत त्यांचं नाव सारखं येतं. 1737 साली मल्हारराव होळकरांबरोबर ते यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरले होते. दिल्लीच्या उंबरठ्यापर्यंत घोडं नेणाऱ्या माणसानं घर बांधलं ते दिवे घाटाच्या माथ्यावर, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांची समाधी वाघोलीला आहे. तिथून आज नगर रस्त्याची वाहनांची रांग अष्टौप्रहर वाहते.

दारात तुतारी फुंकून स्वागत होतं, कपाळाला गंध लागतं. या तुतारीचं काय करायचं, हा प्रश्नच आहे. नातवंडांना मजा वाटते आणि आजोबा संकोचतात, कारण त्यांच्या वाड्यात कधी कुणी तुतारी वाजवली नव्हती. वाड्यात वाजायचा तो पहाटे नळाखाली ठेवलेल्या रिकाम्या बादलीचा आवाज. आवारात ‘आई’ नावाचं संग्रहालय आहे, जुन्या घरगुती वस्तूंचं. तिथे मात्र साठीपुढचे सगळे पाहुणे गाईड होतात. ही समई, हे गंगाळ, हे जातं. आमच्याकडे याहून मोठं होतं! पुण्यात कुणाकडे तरी काहीतरी याहून मोठं होतंच.

पण खरी भेट रात्री होते.

जेवणं आटोपतात, दिवे मंदावतात. खोलीत शिरून दार लोटलं की बाहेरचा आवाज एकदम तुटतो. काचेच्या खिडक्या असलेल्या बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शांतता म्हणजे एसीची घरघर. इथे शांतता दगडातून येते. मोबाइलची रेंज दोन काड्यांवरून एका काडीवर येते आणि मग ती एक काडीही डळमळू लागते. खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून आरामात बसता येतं, इतकी भिंत रुंद असते. नातू त्या कट्ट्यावर चढून बसतो आणि विचारतो, “आजोबा, ही भिंत एवढी जाड का?” या प्रश्नाचं उत्तर तोफगोळ्यांपासून उकाड्यापर्यंत कुठूनही देता येतं. आजोबा दुसरंच सांगतात. त्यांच्या घरी अशाच जाड भिंतीतल्या कोनाड्यात त्यांची शाळेची पाटी असायची आणि वरच्या देवळीत त्यांच्या आजीचा दिवा.

घर मापायची पुण्याची तेव्हाची भाषाही वेगळी होती. चौरस फूट हा शब्द बिल्डरनं आणला. त्याआधी जागा खणांत मोजायची. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. “दोन खणांची जागा आहे, वर माळा, नळ चौकात” एवढ्या वर्णनावर लग्नं जुळायची. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांबांचा सांगाडा, तुळया, कडीपाट, मध्ये विटा नाहीतर पांढरीची माती आणि वर कौलं. देवडी, चौक, सोपा, माजघर, परसू अशा क्रमानं घर बाहेरून आत जायचं. प्रत्येक पायरीला परक्याचा अधिकार कमी व्हायचा. टपालवाला देवडीपर्यंत, सावकार सोप्यापर्यंत, जावई माजघराच्या दारापर्यंत.

हे सगळं आठवताना डोळे पाणावणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगून टाकावी. सहा बिऱ्हाडांत दोन संडास असायचे. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहताना शेजारच्या निवृत्त मास्तरांना नमस्कार करावा की नाही, हा पेच असायचा. जिन्यात दिवसाढवळ्या अंधार आणि पावसात कौलातून धार. खोकला एकाला आला तर पथ्य अख्ख्या वाड्याला कळायचं. नव्या सुनेला नवऱ्याशी दोन शब्द बोलायला पर्वती चढावी लागायची. लोकांनी वाडे सोडले ते वेडेपणानं नव्हे. ते दमले होते.

दमण्यात कायद्याचाही वाटा होता. मुंबई सरकारनं 1947 साली जो भाडे नियंत्रण कायदा केला, त्याचं इंग्रजी पूर्ण नाव फार कमी भाडेकरूंनी वाचलं असेल. त्या नावात घराचं भाडं, हॉटेलचे दर आणि लॉजिंग हाऊसचे दर असे तिन्ही एका दमात येतात. म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड आणि हॉटेलातला पाहुणा हे कायद्याच्या लेखी एकाच पंगतीला बसलेले! प्रमाण भाडं ठरवायला 1 सप्टेंबर 1940 ही तारीख धरली गेली आणि मग अनेक ठिकाणी भाडं त्या आकड्याभोवतीच गोठलं. महागाई वाढली, सागवान महागलं, सुतार-गवंडी महागले, भाडं हललं नाही. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना. भाडेकरूचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण त्याला तेवढ्या पैशात पेठेत दुसरं छप्पर मिळणार नव्हतं. तो कायदा जाऊन नवा आला तो 31 मार्च 2000 पासून. तोवर कित्येक वाड्यांच्या तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या.

वाळवीच्या आधी पाणी येऊन गेलं होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी शनिवार, नारायण, कसबा अशा पेठांत शिरलं. दगडी जोती टिकली, पण वरच्या मातीच्या भिंती पाण्यात बसकण मारून विरघळल्या. पूर ओसरल्यावर सागवानी खांब तेवढे चिखलात उभे, आणि त्यांना टेकून माणसं. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला अर्धगोल पत्र्यांचे निसेन हट उभे राहिले, वसाहती झाल्या. पेठेबाहेरही राहता येतं, हे पेठेतल्या अनेकांना पुरानं शिकवलं. पुढे 1970 च्या अपार्टमेंट मालकीच्या कायद्यानं ‘ओनरशिप’ हा शब्द घरोघरी आणला आणि वाड्याची गोष्ट विकसकाच्या कचेरीत गेली.

पानशेतच्या थोडं आधी दूर ग्रीसमध्ये जवळपास अशीच पाळी एका गावावर आली होती. सँटोरिनी बेटावरचं इआ हे दर्यावर्दी लोकांचं गाव. ज्वालामुखीच्या कड्यात कोरलेली घरं आणि वर कप्तानांच्या हवेल्या. 9 जुलै 1956 च्या भूकंपानं ते मोडलं आणि लोक अथेन्सकडे निघून गेले. ओस पडलेल्या घरांकडे ग्रीसच्या सरकारी पर्यटन संस्थेनं 1975 पासून लक्ष घातलं. जुनी घरं दुरुस्त करायची आणि पाहुण्यांना राहायला द्यायची, अशी ती योजना. इआ त्यात होतं, तसंच किऑस बेटावरचं मेस्ताही होतं. मेस्ता हे मध्ययुगीन गाव. घरांच्या पाठी एकमेकींना लावून गावाचाच तट केलेला, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर माणसानं दारात उभं राहावं. इआत आज सूर्यास्त पाहायला एवढी झुंबड उडते की शांतता शोधणाऱ्यानं मेस्ताच गाठावं. मुद्दा असा की तिथे घर पाडून नवं बांधण्याऐवजी त्यात झोपायला माणूस आणला गेला.

पुण्यानं जुन्या इमारतींना काम दिलं नाही, असं नाही. उलट भरपूर दिलं, पण झोपायचं काम क्वचितच दिलं. दुसऱ्या बाजीरावानं मोठ्या हौसेनं बांधलेला विश्रामबागवाडा घ्या. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, सागवानी कोरीव सज्जा आणि नावातच विश्राम. पेशवाई संपल्यावर 1821 साली तिथे संस्कृत पाठशाळा भरली. 1879 च्या आगीत वाड्याचा एक भाग गेला. विसाव्या शतकात जवळपास तीन दशकं नगरपालिकेच्या कचेऱ्या तिथे होत्या. पेशव्याच्या विश्रांतीच्या जागी कारकुनांनी फायली रचल्या, आणि फायलींनी केलेली विश्रांती पेशव्याला कधी मिळाली नसेल. लक्ष्मी रस्त्यावर नानासाहेब सरपोतदारांनी 1935 साली पूना गेस्ट हाऊस काढलं. मूकपटांच्या काळातला हा दिग्दर्शक कलावंतांना जेवू-झोपू घालू लागला. पेठेत परक्या माणसाला प्रेमानं उतरवून घेण्याची ती चाल वाड्यांनी मात्र उचलली नाही.

एका जुन्या वास्तूत मात्र पुण्यानं माणसं मुक्कामाला ठेवली, तीही पावणेदोन वर्षं, आणि पाहुण्यांची मर्जी न विचारता. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. तिसऱ्या आगाखानांनी 1892 साली तो बांधला, दुष्काळानं गांजलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून. कमानी, रुंद व्हरांडे, मोठी बाग. ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’च्या धरपकडीनंतर सरकारनं याच महालाचा तुरुंग केला. तारेचं कुंपण आलं, पहारे बसले आणि गांधीजी, सरोजिनी नायडू, मीराबेन, महादेवभाई देसाई तिथे दाखल झाले. मागोमाग कस्तुरबा, सुशीला नय्यर आणि प्यारेलाल.

महाल राहायला मिळाला म्हणून हे पाहुणे खूश होते, असं नाही. आपल्यासाठी एवढी मोठी वास्तू आणि एवढा पहारा ठेवून जनतेचा पैसा कशाला उधळता, आम्हाला साध्या तुरुंगात हलवा, असं गांधीजींनी सरकारला लिहिलं होतं. आत पोहोचून आठवडाही झाला नव्हता तोच 15 ऑगस्ट 1942 ला महादेवभाई गेले. अंत्यसंस्कार आवारातच झाले. त्या जागी रोज फुलं वाहण्याचा गांधीजींचा नेम पुढे चालू राहिला. पण कैद म्हणजे रोजचंच जगणं असतं. तेही तिथे होतं. सकाळचं फिरणं, प्रार्थना, वाचन. थकलेल्या कस्तुरबांना गांधीजी भूगोल शिकवत, आणि भूगोलापेक्षा त्यांचा जीव कॅरममध्ये रमे. सोंगट्यांचा तो टकटक आवाज महालाच्या उंच छताखाली कसा घुमत असेल? 22 फेब्रुवारी 1944 च्या संध्याकाळी, महाशिवरात्रीला, त्याही गेल्या. 6 मे 1944 ला गांधीजींची सुटका झाली. चौथ्या आगाखानांनी 1969 मध्ये वास्तू देशाला दिली. आता तिथे लोक दिवसा येतात, खोल्या दोरीबाहेरून पाहतात आणि संध्याकाळी निघून जातात. रात्री आत कुणी राहत नाही आणि राहूही नये. काही घरांना भाडेकरू शोभत नाही.

इतिहासातल्या मुक्कामासाठी शांत बेटासारखी जागा हवी असेल, तर पुणेकर नेहमीप्रमाणे कोकणाकडे बोट दाखवेल, आणि यावेळी ते योग्य आहे. तेरेखोल हा गोव्याचा असा एक तुकडा, जो नदीनं उरलेल्या गोव्यापासून तोडून सिंधुदुर्गाला चिकटवलाय. गोव्याच्या बाजूनं केरीहून फेरीबोटीनं जावं लागतं. किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला, आत संत अँथनीचं चर्च उभं राहिलं. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रह्यांनी इथे शिरून तिरंगा लावला आणि तुरुंगवास पत्करला. पुढे किल्ल्यातल्या खोल्यांचं हॉटेल झालं, सात खोल्या आणि त्यांना सात वारांची नावं. सोमवारी येऊन शुक्रवारात झोपायचं, अशी गंमत होती. गोवा मुक्तीच्या चळवळीची बरीचशी सूत्रं ज्या पुण्यातून हलली, त्या पुण्याच्या लोकांनी तिथे समुद्राचा आवाज ऐकत निवांत पडून राहावं, यात थोडा काव्यात्म न्याय होताच.

पुन्हा गढीत. रात्रीचे दोन वाजलेत आणि आजोबा जागे आहेत. म्हातारपणी जाग येतेच, पण ही जाग वेगळी. ते अंधारात उठतात, दिवा लावत नाहीत, भिंतीला हात लावून चालतात. भिंत गार आहे, थोडी खरबरीत, आणि हाताला तिचा फुगवटा कळतो. जुन्या भिंती सरळ नसतातच. फ्लॅटची भिंत हाताला काही सांगत नाही. त्यावर रंगकंपनीचा गुळगुळीत थर असतो. इथे मात्र कोनाडा लागतो, मग खांबाची कड, मग दार. एक-दोन-तीन पावलं, आणि उंबरठा कुठे येणार ते पायाला आधीच कळतं. तुतारी, फेटे, गंध हे सगळं आजचं आहे. त्यात खोटं काही नाही, पण खरंही फार नाही. उंबरठा मात्र खरा आहे. गढीनं आपली किंमत त्या एका उंबरठ्यात वसूल केली.

सकाळी हिशेब होतो. एका रात्रीचं भाडं ऐकून आजी म्हणते, “एवढ्यात आपलं दहा वर्षांचं भाडं भागलं असतं हो.” अतिशयोक्ती नाही, कमीच सांगतेय ती. आजोबा कार्ड देतात, सही करतात आणि कधी नव्हे ते घासाघीस करीत नाहीत. नातू दारातून बाहेर पडताना यावेळी वाकतो. एका रात्रीत शिकला.

पेठांत अजून काही वाडे उभे आहेत. कुणाच्या देवडीत झेरॉक्सचं दुकान आहे, कुणाच्या चौकात दुचाकी लावलेल्या, कुणाच्या सोप्यावर क्लास चालतो आणि वर एखादं बिऱ्हाड अजून टिकून आहे. ज्यांच्या सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर असा वाडा असेल, त्यांनी विकसकाच्या करारावर सही करण्याआधी एवढं करावं. भाऊबंदांना बोलवावं, टेपनं नव्हे तर खणांनी घर मोजावं, आणि माजघरात गाद्या टाकून सगळ्यांनी एक रात्र तिथे झोपावं. डासांसाठी मच्छरदाणी न्यायला विसरू नये.